रफी साहेब आणि तीन पिढ्यांचे कान

जुलै महिना संपत आला की आमच्या घरात एक जुनं भांडण नव्यानं सुरू होतं. मरहूम मोहम्मद रफी साहेबांची बरसी 31 जुलैला असते. त्या दिवशी चहाच्या वेळी अब्बा मोबाईलवर एखादं गाणं लावतात आणि मग प्रत्येकाचं मत बाहेर येतं. अब्बांच्या मते रफी साहेबांचा खरा काळ 1950 ते 1965 एवढाच. चाचा म्हणतात की शम्मी कपूरची गाणी काढून टाकली तर उरतं काय? आमच्या पिढीला कव्वाल्या आवडतात. आणि पोरं विचारतात की एवढं भांडायचं कशाला, पुढचं गाणं लावा ना.

पण यंदा या विषयावर लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वालिद शाळेत भेटायला आले. मुलगा आठवीत, गळा चांगला. तालुक्याच्या गायन स्पर्धेसाठी त्याचं नाव आम्हीच सुचवलं होतं. घरात मात्र मतभेद झाले होते. मुलाच्या आजोबांना ते पसंत नव्हतं. आज गाणं, उद्या अभ्यास सुटेल, परवा नमाज सुटेल, अशी त्यांना भीती होती. त्या भल्या माणसानं आम्हालाच विचारलं की सर, काय करायचं ते तुम्हीच सांगा.

आम्ही शिक्षक आहोत, आलिम नाही. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतं आहेत आणि त्यात निकाल द्यायचा आमचा अधिकार नाही. म्हणून आम्ही त्यांना बसवलं, चहा मागवला आणि एका माणसाची जिंदगी सांगितली. तीच इथे थोडी नीट मांडून लिहितो आहोत.

कोटला सुलतान सिंग ते भेंडीबाजार

मोहम्मद रफी यांचा जन्म 24 डिसेंबर 1924 चा. गाव कोटला सुलतान सिंग, पंजाबातल्या अमृतसर जिल्ह्यात, मजिठाजवळ. वडील हाजी अली मोहम्मद. घरात लाडाचं नाव फीको. गावात एक फकीर गात गात फिरायचा आणि हा लहान पोरगा त्याच्या मागे मागे जाऊन त्याची नक्कल करायचा. रफी साहेबांचा पहिला उस्ताद म्हणायचा तर तो फकीर. त्याचं नावही आज कुणाला ठाऊक नाही.

1935 च्या सुमारास कुटुंब लाहोरला गेलं. तिथे भाटी दरवाजाजवळ वडिलांनी केशकर्तनाचं दुकान टाकलं. घरची परिस्थिती साधीच. घराण्यात कुणी गवई नव्हता. वडिलांना मुलाचं गाणं फारसं रुचत नव्हतं असं सांगतात. म्हणजे आमच्या त्या विद्यार्थ्याच्या घरात जे चाललं होतं, तेच लाहोरच्या त्या घरातही चाललं होतं. पण मोठ्या भावाचे दोस्त अब्दुल हमीद यांनी मुलाचा गळा ओळखला आणि घरच्यांची समजूत काढली. पुढे उस्ताद अब्दुल वाहिद खान आणि पंडित जीवनलाल मट्टू यांच्याकडे तालीम झाली.

तेराव्या वर्षाची एक हकीकत प्रसिद्ध आहे. लाहोरला कुंदनलाल सैगल यांचा कार्यक्रम होता. ऐन वेळी वीज गेली, माईक बंद पडला. माईकशिवाय गायला सैगल तयार नव्हते आणि गर्दी अस्वस्थ झाली होती. तेव्हा या पोराला पुढे केलं गेलं आणि त्यानं विनामाईक गाऊन गर्दी शांत केली. श्रोत्यांशी रफी साहेबांची पहिली गाठ पडली ती अशी: समोर चिडलेला जमाव, माईक नाही, आणि उभं राहायला फक्त गळा.

1941 मध्ये संगीतकार श्यामसुंदर यांनी ‘गुल बलोच’ या पंजाबी चित्रपटासाठी त्यांना झीनत बेगम यांच्याबरोबर गायला लावलं. 1944 मध्ये हमीद साहेबांबरोबर ते मुंबईला आले आणि भेंडीबाजारात एका लहानशा खोलीत राहिले. तिथली गर्दी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. वीस वर्षांचा मुलगा त्या गर्दीतून रोज स्टुडिओत काम मागायला जात होता. नौशाद साहेबांनी ‘पहले आप’मध्ये कोरसमध्ये घेतलं. ‘गांव की गोरी’मध्ये गाणं मिळालं. 1947 मध्ये ‘जुगनू’तलं नूरजहाँ यांच्याबरोबरचं गाणं गाजलं.

त्याच वर्षी फाळणी झाली. नूरजहाँ लाहोरला गेल्या. रफी साहेबांच्या पहिल्या पत्नीही तिकडेच राहिल्या. ते स्वतः मात्र मुंबईतच थांबले. तेव्हाच्या मुंबईत आणि तेव्हाच्या हवेत हा निर्णय सोपा नव्हता. 30 जानेवारी 1948 ला महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर राजेंद्र कृष्ण यांनी बापूंच्या आयुष्यावर एक लांब गीत लिहिलं, हुस्नलाल भगतराम यांनी चाल दिली आणि रफी साहेबांनी ते गायलं. पंडित नेहरूंनी त्यांना घरी बोलावून ते ऐकलं आणि पुढे त्यांना रौप्यपदक दिलं. त्या वेळी वय होतं तेवीस.

रेडिओवरचा निकाल

आता थोडं श्रोत्यांबद्दल. कारण आमच्या मते रफी साहेबांची जिंदगी श्रोत्यांना सोडून सांगताच येत नाही.

1952 मध्ये ‘बैजू बावरा’ आला. त्यातलं मालकंस रागातलं भजन शकील बदायुनी यांनी लिहिलं, नौशाद यांनी बसवलं आणि रफी साहेबांनी गायलं. तिघेही मुसलमान. ते भजन आजही मंदिरांत लागतं आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

गंमत अशी की त्याच वर्षी आकाशवाणीनं चित्रपटगीतांना दार जवळजवळ बंद केलं. माहिती मंत्री बी. व्ही. केसकर यांना ही गाणी हलकी वाटत होती. सरकारचं मत एक होतं आणि लोकांचं दुसरंच. लोकांनी रेडिओचा काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. डिसेंबर 1952 मध्ये तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. निवेदक अमीन सायानी. सुरुवातीला योजना अशी होती की सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा आणि बरोबर क्रम लावणाऱ्यांत शंभर रुपयांचं बक्षीस वाटायचं. पहिल्याच कार्यक्रमाला हजारो पत्रं आली. पुढे आठवड्याला येणारी पत्रं मोजता मोजता माणसं थकू लागली, तेव्हा पद्धत बदलली. मग रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं यावरून गाण्यांची पायरी ठरू लागली. झारखंडातलं झुमरी तलैया हे गाव तर केवळ फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर माहीत झालं. शेवटी 1957 मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली.

या श्रोत्यांच्या निकालात रफी साहेब वर्षामागून वर्षं पास होत गेले. वर्षातल्या पहिल्या पायरीवर 1961 ला ‘ससुराल’मधलं त्यांचं गाणं होतं, 1962 ला ‘जंगली’मधलं, 1963 ला ‘ताजमहल’मधलं लताबाईंबरोबरचं आणि 1966 ला ‘सूरज’मधलं. ‘सूरज’चं ते गाणं अजूनही लग्नाच्या बँडवर वाजतं. परतूरला वरात निघाली आणि बँडवाल्यानं ते वाजवलं नाही असं आम्हाला तरी आठवत नाही. वरात मुसलमानाची असो की मराठ्याची, बौद्धाची असो की मारवाड्याची.

आमचे दादा सांगायचे की त्या काळी गावात घरोघरी रेडिओ नव्हते. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, 1981 ला जालना जिल्हा झाला तेव्हा तिकडे आलं. चहाच्या हॉटेलात रेडिओ असायचा आणि बुधवारी रात्री गीतमाला लागली की तिथे बाकड्यावर जागा मिळत नसे. एक कप चहावर तासभर बसायचं आणि कुठलं गाणं वर जाईल यावर पैजा लावायच्या. दादांची पिढी निजामाच्या काळात उर्दूत शिकलेली. गाण्याचे बोल त्यांना समजायचे आणि चुकलेला उच्चार लगेच कानाला टोचायचा. अशा कानांना रफी साहेबांचं शीन-काफ साफ वाटायचं. पंजाबी माणूस, पण ‘चौदहवीं का चाँद’मध्ये तो लखनौचाच वाटतो, असं दादांचं मत. त्याच गाण्याला 1960 चं फिल्मफेअर मिळालं. ते त्यांचं पहिलं. एकूण सहा मिळाले.

पाश्चात्य चाली आणि घरातली नाराजी

पण हेच दादा एका बाबतीत रफी साहेबांवर नाराज होते. शम्मी कपूरसाठी त्यांनी जी गाणी गायली ती दादांना आरडाओरडा वाटायची. ‘दरबारी’ आळवणारा माणूस हे काय करतो आहे, असा त्यांचा सवाल असायचा. अब्बा तेव्हा तरुण. त्यांना तीच गाणी आवडायची. बापलेकांत यावरून अबोला झाल्याचंही घरात सांगतात.

आज मागे वळून बघितलं तर लक्षात येतं की त्या वेळी जगभरच तरुणांचं संगीत बदलत होतं. अमेरिकेत रॉक अँड रोल आलं, इंग्लंडात बीटल्स आले. ते वारं मुंबईच्या स्टुडिओतही शिरलं. शंकर जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची पाश्चात्य जोडणी सेबॅस्टियन डिसोझा करायचे, ते मूळचे गोव्याचे. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन वाजवणारे कितीतरी वादक गोव्याहून आलेले होते. एका गाण्यात धून पंजाबची किंवा गुजरातची, वाजवणारा गोव्याचा ख्रिस्ती, शब्द उर्दू शायराचे आणि आवाज रफी साहेबांचा. हे सगळं तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत.

1965 च्या ‘गुमनाम’मध्ये सुरुवातीलाच क्लबमधलं एक गाणं आहे. पडद्यावर टेड लायन्स आणि त्याचा बँड, नाचणारे मुखवटे घातलेले आणि आवाज रफी साहेबांचा. आपल्याकडे त्या गाण्याला त्या काळच्या मोठ्या गाण्यांत फारसं कुणी धरलं नाही. पण 2001 मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ नावाच्या अमेरिकन चित्रपटाची सुरुवातच त्या गाण्यानं केली गेली. ज्यांना हिंदीचा एक शब्द कळत नाही अशी तिकडची पोरं ते शोधून ऐकू लागली. गाण्याबद्दलचं श्रोत्यांचं मत असं असतं. पस्तीस वर्षांनी, दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच पिढीत निकाल बदलतो.

फारशी माहीत नसलेली गोष्ट म्हणजे रफी साहेबांनी इंग्रजी गाणीही गायली. हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय यांनी बोल लिहिले आणि शंकर जयकिशन यांच्या दोन लोकप्रिय चालींवर ती बसवली, एक ‘सूरज’मधल्या त्या लग्नाच्या गाण्याची आणि दुसरी ‘गुमनाम’मधल्या मेहमूदच्या गाण्याची. खरं सांगायचं तर ती रेकॉर्ड आम्हाला फार आवडत नाही. उच्चारात जपून पाऊल टाकल्यासारखं वाटतं, गळा मोकळा होत नाही. मोठ्या माणसाची प्रत्येक गोष्ट मोठीच असते असं नाही आणि तसं म्हणणं हा त्यांचा अपमानही नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ‘जंगली’मधली ती प्रसिद्ध याहू आरोळी रफी साहेबांची नाही. ती प्रयाग राज यांनी दिली होती. दादांचा राग निम्मा तरी त्या आरोळीवर होता. हे कळलं तेव्हा दादा हयात नव्हते, नाहीतर रफी साहेबांचा एक गुन्हा तरी माफ झाला असता.

मराठीतले रफी

आपल्या वाचकांना अभिमान वाटावा असा भाग आता. रफी साहेबांनी मराठीतही गायलं. गाणी मोजकी, पण बहुतेक सगळी टिकली. त्यातल्या बऱ्याच गाण्यांचे संगीतकार श्रीकांत ठाकरे. प्रबोधनकारांचे चिरंजीव, बाळासाहेबांचे धाकटे भाऊ. त्यांना उर्दूची चांगली जाण होती आणि दोघांची दोस्ती होती. वंदना विटणकर यांच्यासारख्या कवयित्रीचे शब्द, ठाकरे यांची चाल आणि रफी साहेबांचा आवाज. देवाला दगडात शोधण्यापेक्षा माणसाच्या आत शोध, असा आशय असलेलं त्यांचं मराठी भक्तिगीत आजही पहाटे रेडिओवर लागतं.

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही बोलतो, शिकवतो. म्हणून या गाण्यांची अवघड जागा आम्हाला कळते. मराठीत च दोन आहेत. चंद्रातला वेगळा, चमच्यातला वेगळा. जहाजातला ज वेगळा आणि जाळ्यातला वेगळा. लिहिताना अक्षर एकच, म्हणताना जीभ दुसरीकडे लावावी लागते. आमची उर्दूत वाढलेली मुलं इथेच अडखळतात आणि वर्गात कुणीतरी हसतं. रफी साहेबांनी हे उच्चार घोटून घेतले, पुन्हा पुन्हा विचारून, दुरुस्त करून. तेव्हा ते देशातले पहिल्या रांगेतले गायक होते, 1967 ला पद्मश्री मिळालेली होती. तरी परक्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसले. आमच्या वर्गात मराठी वाचताना एखादा मुलगा लाजला की आम्ही त्याला ती गाणी ऐकवतो. उपदेशापेक्षा तेवढं पुरतं.

पैसा, लताबाई आणि एक मतभेद

रफी साहेबांच्या दिलदारपणाच्या हकीकती खूप आहेत. एक आपल्या खान्देशाशी जोडलेली. संगीतकार निसार बज्मी हे जळगावजवळच्या नशिराबादचे. सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे पैसे नव्हते, तेव्हा रफी साहेबांनी फक्त एक रुपया घेऊन त्यांचं गाणं गायलं असं सांगतात. बज्मी पुढे पाकिस्तानात जाऊन मोठे संगीतकार झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल नवे होते तेव्हाही रफी साहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 1964 च्या ‘दोस्ती’नं त्या जोडीला नाव दिलं आणि पुढे रफी साहेबांनी सगळ्यात जास्त गाणी त्यांच्याकडेच गायली.

पण याच दिलदारपणातून एक मोठा वादही झाला. रेकॉर्ड विकल्या जातात तेव्हा निर्मात्याला आणि संगीतकाराला पैसा मिळतो, तर गायकाला हिस्सा का नको, असा सवाल लता मंगेशकर यांनी उभा केला. रफी साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. गाण्याचे पैसे एकदा घेतले, आता त्यावर आपला हक्क उरत नाही, असं ते मानायचे. साठच्या दशकात काही वर्षं दोघांनी एकत्र गाणंच बंद केलं. नंतर समेट झाला आणि पुन्हा द्वंद्वगीतं सुरू झाली.

आमच्या घरात सगळे या बाबतीत रफी साहेबांच्या बाजूचे आहेत. आम्ही मात्र नाही. घेतलेल्या मजुरीवर समाधान मानणं हा त्यांचा सबर होता, त्याला सलाम. पण ज्यांची रोजची चूल गाण्यावर चालते अशा लहान गायकांसाठी लताबाईंची मागणी रास्त होती. 2012 मध्ये कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि गायकांच्या रॉयल्टीचा हक्क मान्य झाला. म्हणजे पन्नास वर्षांनी कायदा लताबाईंच्या बाजूनं बोलला. स्वतः हक्क सोडणं ही नेकी आहे. पण दुसऱ्यानं हक्क मागितला तर त्याला लोभी म्हणू नये. कष्टकरी घरांतल्या आपल्या लोकांना तर हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

उतार आणि परत चढण

1969 मध्ये ‘आराधना’ आला. त्यात रफी साहेबांचीही दोन गाणी होती, पण देशभर आग लागली ती किशोर कुमार यांच्या आवाजाची. राजेश खन्ना यांचं युग सुरू झालं आणि निर्माते किशोर कुमारांच्या दारात उभे राहिले. ज्या श्रोत्यांनी वीस वर्षं डोक्यावर घेतलं होतं तेच आता दुसरीकडे वळले. रफी साहेबांनी याच सुमारास हज केला. तिथून आल्यावर काही लोकांनी आता गाणं सोडा असा सल्ला दिला आणि ते काही काळ गाण्यापासून दूर राहिले, असं सांगतात. पुढे घरच्यांच्या आग्रहानं परत आले. या कारणावर चाहत्यांत आजही वाद आहेत. आम्हाला एवढंच दिसतं की दीन आणि गळा यांची ओढाताण त्या माणसाच्याही मनात झाली असावी आणि त्यानं ती गप्प राहून सोसली. नमाज सोडली नाही, दारू-सिगारेटला हात लावला नाही, पार्ट्यांना गेले नाहीत, गेलेच तर लवकर घरी परतले. त्यांना ओळखणारे बहुतेक सगळे हेच सांगतात.

आणि परत आले ते कसे! 1976 ला ‘लैला मजनू’, 1977 ला ‘अमर अकबर अँथनी’मधली कव्वाली आणि त्याच वर्षीचा ‘हम किसीसे कम नहीं’. या शेवटच्या चित्रपटातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि फिल्मफेअरही. 1979 ला ‘सरगम’, 1980 ला ‘कर्ज’. त्यात गंमत म्हणजे किशोर कुमार आणि रफी साहेब यांचं आपसात कधी वाजलं नाही. भांडत होते ते आपण, ऐकणारे. अजूनही भांडतो.

गाण्यांची संख्या हाही चाहत्यांच्या वादाचा मुद्दा. पंचवीस-सव्वीस हजार गाण्यांचे दावे झाले, गिनीज बुकापर्यंत पत्रव्यवहार गेला. पण कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांच्यासारख्या एका साध्या श्रोत्यानं चित्रपटागणिक गाण्यांची नोंद करून हिंदी फिल्म गीत कोश तयार केला. तशा मोजणीत रफी साहेबांची हिंदी चित्रपटगीतं साडेचार ते पाच हजारांच्या घरात निघतात. इतर भाषांतली आणि चित्रपटाबाहेरची गाणी वेगळी. फुगवलेल्या आकड्यापेक्षा हा खरा आकडा आम्हाला जास्त मोठा वाटतो.

रमजानमधली ती रात्र

31 जुलै 1980. रमजानचा महिना होता. काही दिवसांपूर्वीच ‘आस पास’ चित्रपटासाठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे गाणं ध्वनिमुद्रित झालं होतं. त्या रात्री साडेदहाच्या सुमारास हृदयविकारानं इंतकाल झाला. वय अवघं पंचावन्न. दुसऱ्या दिवशी जुमा. मुंबईत धो धो पाऊस. त्या पावसात हजारो माणसं जनाजाला चालत गेली. जुहूच्या कब्रस्तानात दफन झालं आणि सरकारनं दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला.

2010 मध्ये नव्या मय्यतींसाठी जागा हवी म्हणून त्या कब्रस्तानातल्या जुन्या कबरी हटवल्या गेल्या. त्यात रफी साहेबांचीही गेली. आता चाहते जवळच्या एका नारळाच्या झाडाच्या खुणेनं जागा ओळखतात आणि फातेहा पढतात. काहींना याचं वाईट वाटतं. आमच्या अम्मीला वाटत नाही. मातीचं मातीला मिळालं, असं ती मानते.

कॅसेटची एक गोष्ट

आमचा जन्म रफी साहेब गेले त्याच सुमाराचा. आम्ही त्यांना ऐकलं ते कॅसेटवर. एकदा जत्रेतून आम्ही मोठ्या हौसेनं रफींच्या गाण्यांची एक कॅसेट आणली. वर फोटो त्यांचाच होता. घरी टेपरेकॉर्डरवर लावली. मुखडा सुरू होऊन अर्धी ओळही झाली नसेल, अब्बांनी स्वयंपाकघरातूनच आवाज दिला की हे रफी नाहीत, बंद कर. बारीक अक्षरात बघितलं तर खरंच दुसऱ्या गायकानं गायलेली गाणी होती. त्या वेळी अशा कॅसेटांचं पीक आलं होतं. आमचे साठवलेले पैसे गेले. पण त्या दिवशी आम्हाला कळलं की ऐकणं ही सुद्धा एक तालीम आहे. अब्बा गाणं शिकले नाहीत, स्वरलिपी त्यांना येत नाही. पण तीस वर्षं लक्ष देऊन ऐकलं म्हणून अर्ध्या ओळीत खरं-खोटं ओळखलं.

आज मुलं दहा सेकंदांत गाणं पुढे ढकलतात. त्यांना दोष देत नाही. पण ज्याला पूर्ण ऐकायची सवय नाही त्याला मत कसं बनवता येईल? गाण्याबद्दल असो, बातमीबद्दल असो की माणसाबद्दल.

आणि तो मुलगा

त्या विद्यार्थ्याच्या वालिदांना आम्ही हे सगळं सांगितलं, निर्णय सांगितला नाही. ते चहा संपवून, विचार करतो म्हणून गेले. आठवड्यानं मुलगा स्वतः येऊन म्हणाला की घरून इजाजत मिळाली आहे, पण अट आहे. नमाज आणि गणिताचा अभ्यास, दोन्हींत खाडा नको.

स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण अशा गोष्टींचा शेवट नेहमी बक्षिसानं करायची आपल्याला सवय आहे. पण सभागृहात मागच्या रांगेत आम्हाला त्याचे आजोबा दिसले, तेच ज्यांचा विरोध होता. टोपी घालून, काठीवर दोन्ही हात ठेवून पूर्ण वेळ बसले होते. कार्यक्रम संपल्यावर आम्ही सलाम केला. त्यांनी जवाब दिला आणि हळूच सांगितलं की पोरगा दुसऱ्या अंतऱ्यात घाईला आला, रफी साहेब तिथे थांबायचे.

म्हणजे आजोबांनीही कधीतरी, कुठल्यातरी हॉटेलच्या बाकड्यावर बसून, नीट ऐकलेलं होतं.

अल्लाह मरहूम मोहम्मद रफी साहेबांची मगफिरत फरमावे. आमीन.